आबिड्समध्ये वीस पावलं कुठून आणायची?

आबिड्समधल्या बोगुलकुंट्यातल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन वर्षांचा कारवानी कुत्रा राहतो. नाव मोत्या. नाव सोडलं तर त्याच्यात मामुली असं काही नाही. लांब निमुळतं तोंड, आत ओढलेलं पोट, उंच पाय आणि नजर सतत कुठंतरी दूरवर. लातूर जिल्ह्यातल्या जानवळकडच्या एका शेतावरून तो आठ महिन्यांचा असताना हैदराबादेत आला. तोवर त्यानं पाहिलेली माणसं म्हणजे सालगडी आणि त्यांची पोरं. आता त्याच्या दारावरून दिवसभर कुरिअरवाला, गॅसवाला, पाण्याचे कॅन चढवणारा, वरच्या मजल्यावरच्या शिकवणीची मुलं अशी वर्दळ असते, आणि मोत्या प्रत्येकावर तुटून पडायला बघतो. रस्त्यावरचं कुत्रं दिसलं तर विचारूच नका.

घरात यावर दोन पक्ष आहेत. आबा स्टेट बँक ऑफ हैदराबादमधून निवृत्त झालेले. नोकरीची शेवटची वर्षं गनफाउंड्रीच्या मुख्य कचेरीत गेली, आणि २०१७ मध्ये बँक विलीन झाली त्याचं दुःख अजून ओलं आहे. नात राजेंद्रनगरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. मी रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळायला येतो आणि ऊन वाढलं की यांच्याकडे चहाला जातो. खालचं बोलणं एका बैठकीतलं नाही. बऱ्याच रविवारांचे तुकडे जोडले आहेत आणि मधूनमधून मी नाकही खुपसलं आहे.

आबा: पहिलं मला हे सांग, अनोळखी माणसावर कुत्रा भुंकला तर बिघडलं काय? आमच्या वडिलांकडे अशीच दोन कुत्री होती. रात्री वाड्याकडे माणूस फिरकत नसे. भुंकणारं जनावर नको असेल तर ससा पाळावा.

नात: आबा, २०२३ च्या जानेवारीतली बंजारा हिल्सची गोष्ट आठवते? जेवणाचं पार्सल घेऊन आलेला पोरगा. दार उघडलं, घरातला जर्मन शेफर्ड त्याच्या अंगावर आला, तो जीव घेऊन पळाला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. काही दिवसांनी दवाखान्यात गेला. त्याच वर्षी मे महिन्यात मणिकोंड्यात पुन्हा तेच, फक्त तो वाचला. त्या दोन्ही घरांतल्या लोकांनाही वाटत असणार की आपला कुत्रा राखण करतोय.

आबा: तो मामला मी विसरलेलो नाही. कायदाही माहीत आहे. पूर्वी भारतीय दंडविधानाचं २८९ होतं, आता न्याय संहितेचं २९१. जनावराच्या बाबतीत हलगर्जी केली तर सहा महिने कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून तर सांगतो, साखळी आखूड धर. जिन्यात तर हातभरसुद्धा सोडू नकोस.

नात: आखूड साखळीनंच तो जास्त बिथरतोय.

आबा: वा! म्हणजे सोडून देऊ?

नात: तसं नाही. बघा, कुत्र्याला कशाची भीती वाटली की त्याच्यापुढं दोन वाटा असतात. आपण लांब जायचं, नाहीतर समोरच्याला लांब घालवायचं. साखळी आखडली की पहिली वाट बंद होते, मग तो दुसरी धरतो. आणि ती दरवेळी फळाला येते! कुरिअरवाला पार्सल ठेवून जातो तो पुढचं काम आहे म्हणून. मोत्याच्या हिशेबात मात्र तो आपल्या भुंकण्यानं पळाला. रोज दहा-पंधरा वेळा त्याला हा धडा मिळतोय.

आबा: भीती? सशामागं सुटला तर डोळ्यांना दिसत नाही, तो कुत्रा माणसाला भितो?

नात: ससा त्याच्या ओळखीचा आहे. हेल्मेट घालून, पाठीवर चौकोनी पेटी घेऊन अंधाऱ्या जिन्यातून वर येणारं काहीतरी त्याच्या ओळखीचं नाही.

इथं कारवानीबद्दल थोडं सांगायला हवं. हा नजरेनं शिकार करणारा कुत्रा. वासावर माग काढत बसण्यापेक्षा दूरवर हललेलं काही टिपून त्यामागं झेपावणं हा त्याचा पिंड. मराठवाड्याच्या मोकळ्या काळ्या रानात त्याची पैदास झाली आणि परक्या माणसानं अंगाला हात लावलेला या जातीला सहसा खपत नाही. अशा कुत्र्याला ज्या भागात आणून ठेवलं आहे तो भाग म्हणजे सहाव्या निझामाच्या पदरी असलेल्या आबिदच्या दुकानावरून नाव पडलेलं, दुकानंच दुकानं असलेलं आबिड्स. सेल लागलेली कपड्यांची दुकानं, फुटपाथवर चपला-बूट, ऑटो, बस, हातगाड्या. सतत काहीतरी हलत असतं आणि दूरवर काही दिसतच नाही. आबांचा मुद्दा मला इथं पटतो: रक्ताच्या विरुद्ध किती जायचं याला मर्यादा असते. नातीनं तो नाकारलाही नाही.

आबा: मग तू त्याला लॅब्रेडॉर करायला निघालीयेस का? येईल त्याच्यापुढं शेपूट हलवणारा?

नात: नाही. तो कुणाचा दोस्त व्हावा असं मला मुळीच वाटत नाही. माणूस शेजारून गेला तर मोत्यानं एकदा बघावं आणि पुढं चालावं. एवढंच.

आबा: मग सोपं आहे. रोज गर्दीत ने. सवय होईल. दिवाळीनंतर मी नेलं नव्हतं का रविवारच्या पुस्तक बाजारात? दोन तास बसला माझ्या पायाशी, इत्मिनाननं.

नात: इत्मिनान नव्हतं ते. तुम्ही काढलेला फोटो मी पाहिलाय. शेपूट पायांत, कान मागं चिकटलेले, तोंड घट्ट मिटलेलं. गर्दीत असूनही एकाही माणसाकडं बघत नव्हता. घरी आल्यावर काही खाल्लं नाही, आणि संध्याकाळी दूधवाल्याच्या पिशवीला दात लावले.

आबा: त्याचा याच्याशी काय संबंध?

नात: तोच संबंध आहे. अंगात चढलेला ताण लगेच उतरत नाही, काही तास जातात, कधी दिवसही जातो. तोवर मामुली गोष्टीलाही तो फुटतो. नॉर्वेच्या तुरिद रुगास या प्रशिक्षक बाईंनी कुत्र्यांच्या बारीक खुणा टिपून ठेवल्यात. ओठ चाटणं, झोप नसताना जांभई देणं, मान वळवणं, उगाच जमीन हुंगत बसणं. आपण म्हणतो कुत्रा अचानक चावला. बहुतेक वेळा त्यानं आधी बरंच सांगून झालेलं असतं.

आबा: माझं तोंड बंद होईल असं काहीतरी सांग. जीपीओसमोरची कुत्री बघ. डोक्याशी बस थांबतेय, पोटावरून माणसं ओलांडून जातायत आणि ही ढाराढूर झोपलेली. त्यांना कुणी शिकवलं? कोण गेलं होतं त्यांच्याकडं कलेजीचे तुकडे घेऊन?

(हा आबांचा हुकमी पत्ता. मलाही तो बिनतोड वाटायचा.)

नात: तीन गोष्टी आहेत. पहिली, ती कुत्री तिथंच जन्मली. स्कॉट आणि फुलर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांचं १९६५ चं पुस्तक आहे, कुत्र्यांच्या पिल्लांवर अनेक वर्षं केलेल्या कामाचं. पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जे पाहतं-ऐकतं, ते त्याच्या लेखी जगाचा भाग होतं. त्यानंतर भेटलेल्या नव्या गोष्टीबद्दल आधी संशय. जीपीओच्या पिल्लानं त्या आठवड्यांत हजारो पाय पाहिले. मोत्यानं ज्वारी पाहिली.

आबा: आणि दुसरी?

नात: तुम्ही त्या झोपलेल्या कुत्र्यावर सरळ चालून जा. ते उठेल, चार पावलं सरकेल आणि पुन्हा अंग टाकेल. त्याला सरकायची मुभा आहे. कुणापासून किती लांब बसायचं हे त्याचं ते ठरवतं. मोत्याचं अंतर आपण ठरवतो, आणि तेही साखळीच्या लांबीएवढं.

आबा: हं.

नात: तिसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. जीपीओसमोर दिसतात ती उरलेली कुत्री आहेत. कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्र यांच्या गटानं रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं होतं, २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. वयात येईपर्यंत जगली फक्त १९ टक्के. मेलेल्यांत निम्म्याहून जास्त माणसांमुळं गेली. कुणी गाडीखाली, कुणी मारल्यामुळं. ज्यांना गर्दी झेपली नाही ती आपल्याला दिसायला शिल्लकच नाहीत. रस्ता शिकवतो हे खरं आहे, पण नापास झालेल्यांना तो घरी पाठवत नाही.

आबांनी यावर चहाचा कप खाली ठेवला आणि मला विचारलं, "तुम्हाला साखर पुरली का?" बँकेतली सवय असावी. अडचणीचा आकडा आला की विषय शेजाऱ्याकडे वळवायचा.

पुढच्या रविवारी बोलणं मुद्द्यावर आलं, म्हणजे प्रत्यक्ष करायचं काय. नातीचं म्हणणं थोडक्यात असं. प्रत्येक कुत्र्याचं एक अंतर असतं. त्याच्या पलीकडं माणूस असला तर कुत्रा त्याला बघतो, पण डोकं ठिकाणावर असतं. त्या अंतराच्या आत माणूस आला की शिकणं संपलं, उरतं फक्त निभावणं. हे अंतर ओळखायला तिच्याकडे एक साधी चाचणी आहे, उकडलेल्या कलेजीचा तुकडा. वीस पावलांवर माणूस असेल तर मोत्या तुकडा नीट, ओठांनी घेतो. बारा-पंधरावर हिसकावून घेतो, बोटालाही दात लागतात. त्याच्या आत तुकडा नाकाला लावला तरी त्याला दिसत नाही. म्हणून काम वीस पावलांवर करायचं आणि आठवड्या-आठवड्यानं एकेक पाऊल कमी करायचं. एखाद्या दिवशी दोन पावलं मागंही यायचं.

आबा: आबिड्समध्ये वीस पावलं कुठून आणायची? इथं एका माणसापासून वीस पावलं गेलीस तर वाटेत चाळीस माणसं लागतात.

नात: पहाटे साडेपाचला असतात. शटर बंद, फुटपाथ रिकामा, चहावाले तेवढे उठलेले. एखादा माणूस येतो, लांबून दिसतो, जातो. यापेक्षा चांगला वर्ग नाही. आणि उन्हाळ्यात तसंही नऊनंतर डांबरावर त्याचे तळवे भाजतात.

आबा: पावसाळ्यात? परीक्षा असेल तेव्हा?

नात: गच्ची आहे. कठड्याशी बसलं की खालची गल्ली दिसते. माणसं दिसतात, आवाज येतात, पण ती वर येत नाहीत. तुमची गाडी आहे. मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये कोपऱ्यात लावायची, मागं मोत्या, काच थोडी खाली. पंधरा मिनिटं लोक बघायचे आणि परत. उन्हात मात्र नाही. बंद गाडी काही मिनिटांत तापते.

आबा: म्हणजे मी ड्रायव्हर. बरं, आणि माणूस दिसला की तू तुकडा देणार. तो भुंकायला लागला तरी?

नात: त्या अंतरावर तो भुंकत नाही, तेच तर कौशल्य आहे. पण समजा भुंकला, तर तुकडा देत देत मागं फिरायचं. अंतर चुकलं ते माझं.

आबा: भुंकण्याबद्दल बक्षीस! ही सरळ लाच झाली.

नात: लाच काम करून घेण्यासाठी देतात, आबा. मी त्याच्याकडून काही करून घेतच नाहीये. माणूस दिसला की कलेजी येते, एवढाच हिशेब त्याच्या डोक्यात बसवायचाय. पावलोव्हच्या कुत्र्यांना घंटा ऐकून लाळ सुटायची, त्यांनी कुठं काम केलं होतं? फक्त क्रम सांभाळायला लागतो. आधी माणूस, मग तुकडा. उलटं झालं, म्हणजे तुकडा हातात घेतला आणि मग माणूस आला, तर तो पिशवीचा आवाज ऐकूनच घाबरायला लागेल.

आबा: आणि गल्लीतली कुत्री? त्यांनाही कलेजीचा वास येतो. आपल्या गल्लीत कुत्रंसुद्धा वाघ असतं. चार वाघ मागं लागले की तुझा पावलोव्ह कुठं जाणार?

नात: हे बरोबर आहे तुमचं. म्हणून खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात, लहान तुकडे, आणि गल्लीच्या तोंडाशी नाही. त्यांच्या हद्दी मला माहीत झाल्यात. चिराग अली लेनच्या वळणावरची टोळी सहापर्यंत झोपलेली असते. तिथून रस्ता ओलांडायचा आणि पलीकडून जायचं.

दुसऱ्या कुत्र्याच्या बाबतीत तिची पद्धत मला जास्त आवडली, कारण तीत खाण्यापेक्षा चालणं आहे. मोकळी कुत्री एकमेकांकडे सरळ रेषेत सहसा येत नाहीत, वळसा घेत येतात, बाजूनं हुंगतात, दोन-तीन क्षणांत वेगळी होतात. फुटपाथवर साखळीतली दोन कुत्री मात्र समोरासमोर आणली जातात, वर मालक उभे राहून गप्पा मारतात. साखळ्या ताणलेल्या, छात्या पुढं आलेल्या. ही कुत्र्यांच्या भाषेत भांडणासाठी उभं राहण्याची रीत आहे, आणि ती आपणच त्यांना घ्यायला लावतो. रामकोटात एक म्हातारी, शांत स्वभावाची कुत्री आहे. तिची मालकीण पहाटे रस्त्याच्या एका कडेनं चालते, नात मोत्याला घेऊन दुसऱ्या कडेनं, एकाच दिशेला. भेट नाही, हुंगणं नाही. मधला रस्ता आठवड्यागणिक अरुंद करत न्यायचा. मोत्याला त्या कुत्रीचा वास वाऱ्यावर मिळतो, पाठ दिसते, आणि काहीच घडत नाही. काहीच न घडणं हेच इथं शिकवायचं आहे. ते फार कंटाळवाणं असतं आणि बहुतेक लोक तिथंच सोडून देतात.

आबा: एक गोष्ट तुम्ही दोघंही बोलत नाही. घरात मालक कोण हे कुत्र्याला कळलं पाहिजे. आमचे वडील नुसते खाकरले तरी कुत्री बसायची. तुझं सगळं लाडीगोडीचं. एकदा गुरगुरला तेव्हाच कानाखाली बसली असती तर आज ही वेळ आली नसती.

नात: मालक, टोळीचा म्होरक्या, हे सगळं आलं कुठून माहीत आहे? रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बाजेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं. कुठून कुठून आणून एका कुंपणात कोंडलेले लांडगे, ते भांडणारच. पुढं डेव्हिड मेक यांनी ती कल्पना आपल्या १९७० च्या पुस्तकातून जगभर नेली, आणि रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहून त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातली टोळी म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं. तिथं कुणी मारामारी करून गादी मिळवत नाही. आणि मोत्या तर लांडगाही नाही.

आबा: लांडग्यांचं राहू दे. कानाखाली दिली की गुरगुरणं थांबतं की नाही?

नात: थांबतं. गुरगुरल्याबद्दल मारलं तर कुत्रा गुरगुरणं सोडतो, चावणं सोडत नाही. भुंकणारा कुत्रा चावत नाही असं आपण म्हणतो. भुंकणारे पुष्कळ चावतात, पण निदान कळवून चावतात. तुम्ही त्याची कळवण्याची सोय काढून घ्यायला सांगताय.

आबा: बरं. आता माझं ऐक. मला तुझ्या शास्त्राशी भांडायचं नाही. पण तुझा तो वीस पावलांवरचा माणूस, तो कोण? कामावरून थकून चाललेला कुणीतरी. त्याला तू विचारलंस? त्याला तुझ्या शाळेत नाव घालायचंय का? तो आपला चाललाय आणि तू त्याच्यावर कुत्रा शिकवतेयस. उद्या साखळी सुटली तर?

नात यावर बराच वेळ बोलली नाही.

माझ्या मते साऱ्या वादात आबांचं सर्वांत वजनदार वाक्य हेच. कुत्र्याच्या बाजूनं लिहिणारे बहुतेक लोक रस्त्यावरच्या परक्या माणसाला धड्यातलं साधन समजतात. तो घाबरला तर त्यालाच शहाणपण सांगतात: काही करत नाही हो, नुसता हुंगतोय. आबिड्समध्ये मोत्या दिसला की लोक भिंतीला पाठ लावून विचारतात, "काटता क्या?" या प्रश्नामागं काय असतं ते आबांच्या पिढीला विचारावं. कुत्रं चावलं की तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस कसौलीत डेव्हिड सेम्पल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केली, आणि भारतात ती २००४ च्या अखेरीस कुठं बंद झाली. आता दंडात चार-पाच सुया पुरतात. चावल्याबरोबर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी पहिली सुई घ्यायची. हैदराबादेत त्यासाठी लोक नारायणगुड्याच्या आयपीएम या सरकारी संस्थेकडे नाहीतर नल्लकुंट्याच्या फीवर हॉस्पिटलकडे धावतात. रेबीज मात्र तेव्हाही बरा होत नव्हता, आजही नाही. हे माहीत असलेल्या माणसानं भिंतीला पाठ लावली तर ते त्याचं अज्ञान नव्हे.

नात: तुम्ही म्हणता ते खरं आहे. मग मुसकं घालायचं.

आबा: बैलाला घालतात ते?

नात: तसंच, जाळीचं. आत तोंड उघडता आलं पाहिजे, धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आलं पाहिजे. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो. दुकानात कापडी पट्टा मिळतो तोंड आवळणारा, तो हैदराबादच्या उन्हात जीव घेईल. जाळीच्या मुसक्याचीही आधी घरात सवय करायची, आत कलेजी ठेवून. आणि सुरुवातीचे परके लोक ओळखीतले घ्यायचे. माझ्या वर्गातली मुलं येतील हेल्मेट घालून. त्यांना विचारलेलं असेल.

आबा: मुसकं बघून लोक म्हणतील, या घरात खुनशी कुत्रा आहे.

नात: म्हणू देत. लांबून जातील. मोत्याला तेच हवंय.

इतका वेळ चाललेलं भांडण इथं अनपेक्षितपणे मिटलं. रस्त्यावरच्या कुत्र्यांवर ते पुन्हा पेटलं, आणि ते मी थोडक्यात सांगतो, कारण त्याला तळ नाही. आबांना फेब्रुवारी २०२३ मधलं अंबरपेठ विसरता येत नाही. चार वर्षांच्या मुलाला कुत्र्यांनी मारलं ते इथून काही फार लांब नाही. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री उचलून परत तिथं न सोडण्याचा आदेश दिला, तो त्यांना उशिरा आलेला शहाणपणा वाटतो. नात म्हणते, नसबंदी करून, लस टोचून, कानाला खाच पाडून परत सोडलेली ओळखीची कुत्री गल्लीत असली तर तिथं रोज नवी कुत्री घुसत नाहीत, आणि मोत्यालाही रोज नवा शत्रू भेटत नाही. आबा विचारतात, हे त्या मुलाच्या आईला सांगशील? ती म्हणते, नाही सांगणार. मग दोघंही थोडा वेळ गप्प बसतात. मला दोघांचंही खरं वाटतं आणि यावर माझ्याकडे तोडगा नाही.

शेवटचा तुकडा श्रावणातला. मोत्या आता जिन्यात माणूस आला की नातीकडे वळून बघतो. दरवेळी नाही. गॅसवाल्यावर अजून भुंकतो, कारण सिलिंडर पायरीवर आपटतो तो आवाज त्याला सोसत नाही. दाराच्या आत लहान लोखंडी फाटक बसवलं आहे, कुरिअर आलं की आधी मोत्या आतल्या खोलीत आणि मग दार, हा नियम आबांनी स्वतःच्या अक्षरात लिहून कडीशेजारी चिकटवला आहे. खाली सही आणि तारीखही.

आबा: महालक्ष्म्यांच्या जेवणाला या वर्षी पन्नासेक पानं होतील. लातूरचे येतील, परभणीचे येतील. सगळ्यांना दाखवू, मोत्या कसा सुधारलाय.

नात: त्या दिवशी मोत्या मागच्या खोलीत. पंखा, पाणी, चघळायला हाड आणि दार बंद.

आबा: कोंडायचाच होता तर एवढं शिकवलं कशाला?

नात: जिन्यासाठी. गल्लीसाठी. एकेक माणूस येतो आणि जातो त्यासाठी. पन्नास माणसं, ढोल, फटाके, पोरांची पळापळ, आणि खाली मांडलेली पानं, हे त्याला कधीच जमणार नाही. न जमलं तरी चालेल. मलाही जमत नाही, मी स्वयंपाकघरात जाऊन बसते.

आबा: आणि सोलापूरच्या आत्याबाई? त्या दार उघडून थेट आत जाणार. "माझ्या अंगावर कुठलं कुत्रं येत नाही" म्हणत त्याच्या डोक्यावरून हात फिरवणार. त्यांना कोण शिकवणार?

नात: तुम्ही सांगा. माझं त्या ऐकत नाहीत.

आबा: माझं तरी साठ वर्षांत कधी ऐकलंय? त्या खोलीची बाहेरची कडी सैल झालीये, सुताराला आजच बोलावतो. आणि कुलूपही आणतो.